इंदूताई उतरत नाहीत

आमच्या शेडमध्ये लॉनमोअरच्या शेजारी एक लाल तीनचाकी सायकल उभी आहे. मोठ्या माणसाची, मागे दोन चाकं आणि त्यांच्या मध्ये आठवड्याची भाजी मावेल एवढी जाळीची बास्केट. गवत कापायचं म्हणजे आधी ती बाहेर काढावी लागते. माझा नवरा दर एप्रिलमध्ये विचारतो, "हिचं काय करायचंय?" मी म्हणते, "बघू." एरवी 'बघू' म्हणणाऱ्यांतली मी नाही. लंडनच्या कडेला, पिनरमधल्या एका डेंटल प्रॅक्टिसची मी मॅनेजर आहे, आणि माझ्याकडे वस्तू एकतर लागते नाहीतर चॅरिटी शॉपमध्ये जाते. पण ही सायकल इंदूताई रामटेके यांची. त्या गेल्याला दोन हिवाळे झाले.

इंदूताई नागपूरच्या. नर्स म्हणून इंग्लंडला आल्या आणि वॉटफर्डच्या हॉस्पिटलातल्या एका वॉर्डाच्या सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या. उंची जेमतेम, वजन आम्ही भारतात जाताना नेतो त्या एका बॅगेपेक्षा थोडं जास्त, आणि आवाज वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. पिशवीत कायम संत्री असायची. दुकानात त्या स्पेनचं संत्रं हातात घेऊन वास घ्यायच्या, "पाणचट आहे बाप्पा" म्हणायच्या, आणि तीच सहा घ्यायच्या. ओळखीच्याला भेटल्यावर "जय भीम", अनोळखी इंग्रजाला "लव्हली मॉर्निंग", भले पाऊस पडत असो.

माझ्याकडे त्या आल्या दात दाखवायला. खुर्चीतून उठल्या तेव्हा अर्धा ओठ बधिर होता, पण बोलायचं थांबल्या नाहीत. रिसेप्शनपाशी येऊन म्हणाल्या, "डावा पाय घासून चालून राहिलीस तू. रविवारी काय करतेस?"

"कपडे धुते."

"ते मशीन धुतं ना. तू काय करतेस?"

पुढच्या रविवारी मी वॉटफर्डच्या पार्कात उभी होते, त्यांच्या एका जुन्या सायकलसमोर. तिची दोन्ही पेडलं त्यांनी काढून ठेवली होती. मोठ्या बायकांना सायकल शिकवायची त्यांची पद्धतच ती. पेडल नाही म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. मग पायांनी जमीन ढकलत जायचं. चारदा ढकललं की पाचव्या वेळी पाय आपोआप वर राहतात, आणि तोल म्हणजे काय ते कळतं. मागून कोणी धरत नाही, त्यामुळे कोणी सोडतही नाही. पुण्यात लहानपणी माझी सायकल राहून गेली ती राहूनच गेली होती. पन्नाशीच्या अलीकडे, एका रविवारात, ती आली.

"जमिनीकडे पाहू नको," त्या ओरडायच्या. "ती कुठं जात नाही. समोर पाहा."

"पडले तर?"

"पडलीस तर पडलीस. सिस्टर होते मी. बघून घेईन."

त्यांच्या गटात आम्ही पाच जणी होतो. इंदूताई, मी, हॅरोच्या लता आणि शोभा या दोघी बहिणी, आणि पुण्याहून व्हिसावर आलेली श्वेता, जी आठवडाभर बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायची आणि रविवारी फोन बंद करून यायची. सुरुवात वॉटफर्डहून रिकमन्सवर्थला जाणाऱ्या सपाट रस्त्यावर झाली. तिथे पूर्वी आगगाडी धावायची. रूळ उखडून नेल्यावर उरलेल्या पट्टीवर आता सायकली आणि कुत्री फिरतात. या देशात असे रस्ते जागोजागी आहेत, आणि इंदूताईंना दुसरे रस्ते चालायचे नाहीत. कारण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "इंजिनाला चढ जमत नव्हता. म्हणून त्यांनी डोंगर कापला, दरीवर पूल बांधला, पण रस्ता वर चढू दिला नाही. मला पण चढ जमत नाही. माझ्यासाठीच केला म्हण ना."

मग वर्षातून दोनदा आम्ही तीन-चार दिवसांसाठी बाहेर पडायला लागलो. कधी सायकलने, कधी नुसतं चालत. एक बॅग, एक रेनकोट, आणि मुक्कामाच्या बी अँड बीच्या, म्हणजे घरगुती लॉजच्या, ब्रेकफास्टबद्दल तक्रार करायची नाही, एवढे तीन नियम. चौथा नियम बोलून दाखवलेला नव्हता, पण सगळ्यांत पक्का तोच होता. वाटेत जुनं स्टेशन लागलं की थांबायचं.

रूळ गेले तरी प्लॅटफॉर्म राहतात. कडेला गवत, विटांमधून आलेली झुडपं, क्वचित एखादं बाक. प्लॅटफॉर्म दिसला की इंदूताई सायकल लावायच्या, उतारावरून वर चढायच्या आणि काठावर बसून पाय खाली सोडायच्या, जिथे एके काळी रूळ होते तिथे. फ्लास्कमधला चहा, संत्र्याच्या फोडी. "नागपूर स्टेशनावर असे पाय सोडून बसले असते तर पोलिसानं काठी मारली असती," त्या म्हणायच्या. "इथं गाडीच नाही येत. बसा निवांत." निघताना उभं राहून दोन्ही बाजूंना पाहायच्या. मला ते उगाच वाटायचं. पण चार सहली झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मीही पाहते.

नियम पाळण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. हेल्मेट, घंटी, डावी बाजू, घोड्याला वाट, कुत्र्याला वाट, कचरा परत बॅगेत. फक्त एक पाटी त्या पाळत नसत.

डर्बीशायरच्या सहलीत मला ते कळलं. एका अरुंद पुलाआधी निळी पाटी होती, सायकलवाल्यांनी उतरावं अशी. आम्ही चौघी उतरलो. इंदूताई पुढे गेल्या.

"ताई, पाटी," मी मागून म्हटलं.

"वाचली."

"मग?"

"मग काय. चांगली आहे पाटी. तू उतरलीस ना?"

पुलावर माणसं होती. म्हणून त्यांनी काय केलं, तर चालणाऱ्यांच्या मागे, चालणाऱ्यांपेक्षा हळू सायकल चालवली. हे कोणी करून पाहावं. वेगात सायकल कोणालाही येते. थांबल्यासारखी चालवणं फार अवघड आहे. हँडल किंचित इकडे, किंचित तिकडे, ब्रेक अर्धवट दाबलेला, नजर समोर. आम्ही सायकली ढकलत त्यांच्या पुढे निघून गेलो आणि पुलाच्या शेवटी वाट पाहत उभ्या राहिलो. समोरून आलेला एक म्हातारा गृहस्थ त्यांना म्हणाला, "पाटी दिसली नाही का, डक?" त्या भागात सगळ्यांनाच प्रेमाने डक म्हणतात. इंदूताई म्हणाल्या, "दिसली, थँक यू. लव्हली मॉर्निंग." तो गृहस्थ वळून पाहत राहिला. रागाने नव्हे. असं काही त्याने याआधी पाहिलं नसावं.

मला मात्र राग आला होता. पाटी ही पाटी असते. पुढच्या प्लॅटफॉर्मवर मी काही बोलणार एवढ्यात श्वेतानेच विचारलं. तिला आडवळणाने बोलायची सवय नाही.

"ताई, पण उतरायला प्रॉब्लेम काय आहे? दोन मिनिटांचा तर पूल आहे."

इंदूताई संत्रं सोलत होत्या. सोलणं थांबलं नाही.

"माझे बाबा मास्तर होते," त्या म्हणाल्या. "भंडाऱ्याकडे, एका खेड्यात. त्यांनी जुनी सायकल घेतली. शाळा दूर होती ना. मला समोरच्या दांड्यावर बसवायचे. वाटेत पाटलाचं घर लागायचं. तिथं आलं की उतरायचं, सायकल हातात धरायची, घर ओलांडून गेलं की पुन्हा बसायचं. आपल्या लोकांनी त्या घरासमोरून बसून जायचं नाही, असं होतं तिथं."

"आणि गेलं तर?"

"गेलं नाही ना कोणी. ओट्यावर माणूस असला तरी उतरायचं, नसला तरी उतरायचं. दार बंद असलं, नुसतं कुत्रं झोपलेलं असलं, तरी बाबा उतरायचे. मी पण उतरायची. आणि त्याच घरातली पोरं बाबांच्या वर्गात बसायची."

त्यांनी फोडी वाटल्या. आम्ही घेतल्या.

"मग बाबांना नागपूरला नोकरी लागली. पोचलो त्या संध्याकाळी त्यांनी मला दांड्यावर बसवलं आणि सगळं शहर फिरवलं. महाल, सीताबर्डी, स्टेशन, सगळं. कुठंच उतरले नाहीत. मला लघवी लागली होती, मी रडून राहिली, तरी उतरले नाहीत. घरी आले तेव्हा माझा फ्रॉक ओला आणि त्यांचा पायजमा पण ओला. आई म्हणे, हे काय? बाबा म्हणे, काही नाही, नागपूर पाहून आलो."

शोभा आधी हसली, मग आम्ही सगळ्याच हसलो. इंदूताई सगळ्यांत जास्त हसल्या.

मी थोड्या वेळाने म्हटलं, "पण ताई, ही पाटी सगळ्यांसाठी आहे. ती काही..."

"माहीत आहे ना बाई मला. म्हणून तर भांडत नाही. तुला उतरू नको म्हटलं का? मी फक्त उतरत नाही." फ्लास्कचं झाकण लावत त्या उठल्या. "इथं प्लॅटफॉर्मवर उतरते ना रोज. मला पाहिजे तिथं उतरते."

त्यानंतर त्या विषयावर आमच्यात बोलणं झालं नाही. मी पाटी दिसली की उतरत राहिले, अजूनही उतरते. त्या हळू चालवत मागून यायच्या आणि आम्ही पुलापलीकडे थांबायचो. कितीतरी पूल आम्ही असे ओलांडले. कोणाला त्यांचा धक्का लागला नाही. त्यांची अट स्वतःशी तीच होती. उतरायचं नाही, आणि आपल्यामुळे कोणाला बाजूला व्हावं लागता कामा नये.

मग त्यांचे पाय गेले. म्हणजे चालायचे, पण शुगरमुळे तळव्यांची जाणीव कमी होत गेली. त्यांनी स्वतःच निदान केलं, डॉक्टरकडून फक्त खात्री करून घेतली. सरळ रस्त्यावर सायकल पूर्वीसारखीच पळायची. वेग असला की सायकल स्वतःच उभी राहते. पण हळू चालवताना तोल पायाच्या बोटांत असतो, आणि तिथूनच काही कळेनासं झालं होतं.

कॉर्नवॉलमध्ये, खाडीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर, पुलावर ते दिसलं. पुढे काठी टेकत चाललेला एक वयस्कर इंग्रज, त्याच्या मागे इंदूताई. पुढचं चाक थरथरलं, त्या त्याच्या पाठीवर कलल्या आणि दोघंही कठड्याला टेकले. त्याची काठी पडली, यांचं कोपर सोलवटलं, बाकी कोणाला काही झालं नाही. धडक यांनी दिली आणि तीनदा सॉरी तो म्हणाला. इंदूताईंनी त्याला बाकावर बसवलं, नाडी पाहिली, गुडघे वाकवून घेतले, त्याच्या मुलीशी फोनवर बोलल्या. त्याला चालताना पाहून झाल्यावरच त्यांनी स्वतःचं कोपर धुतलं. त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर चहा झाला, पण निघताना त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं नाही.

घरी आल्यावर मला त्यांचा फोन आला. "वृंदा, पुढच्या सहलीत मला धरू नको."

"काहून?" मी म्हटलं. त्यांच्याशी बोलताना 'का'च्या जागी माझ्याही तोंडी ते यायचं.

"दोनच गोष्टी उरल्या. पुलावर उतरायचं, नाहीतर माणसं पाडायची. दोन्ही माझ्याकडून होणार नाही. तुम्ही जा."

"मग नुसतं चालत येता का आमच्याबरोबर?"

"चालायला तेच पाय लागतात ना, बाई."

मी समजूत घालण्यात वेळ घालवला नाही. समजूत पटण्यासारखी बाईच नव्हती ती. पण महिन्याभराने त्यांच्या मुलीचा, प्रज्ञाचा, प्रॅक्टिसमध्ये फोन आला. ती वॉटफर्डमध्येच जन्मली. मराठी बोलते, पण आपल्या पद्धतीने.

"मावशी, मी हॅपी होती आई सायकल सोडला म्हणून. बट आता तो नुसता बसतो. ऑरेंज पण नाही आणत. तू काहीतरी कर ना."

संत्रं आणत नाहीत, हे ऐकून मी खुर्चीतून उठले.

प्रश्न तोलाचा होता, म्हणजे उत्तर तिसऱ्या चाकाचं. तीन चाकांवरची सायकल जागेवर उभी राहिली तरी पडत नाही. मुंगीच्या पावलाने चालवा, मध्येच थांबा, पाय टेकवायची गरज नाही. सेंट ऑल्बन्सला एका बाईंकडे लाल रंगाची मिळाली. मी ती नवऱ्याच्या व्हॅनमध्ये टाकून वॉटफर्डला नेली आणि इंदूताईंच्या दारासमोर उतरवली.

त्यांनी खिडकीतून पाहिलं. मग दार उघडलं. "आइस्क्रीम विकू का आता?"

"आधी चालवून तर बघा."

"घेऊन जा."

"व्हॅन परत द्यायची आहे," मी म्हटलं. खरं तर व्हॅन दिवसभर मोकळी होती. "इथे राहिली तर कौन्सिलवाले उचलून नेतील. तुमची मर्जी."

पुढच्या रविवारी पार्कात त्या सायकल ढकलत आल्या. त्या बसल्या, पेडल मारलं आणि सरळ झुडपात गेल्या. ज्यांना दोनचाकी उत्तम येते त्यांना तीनचाकी येत नाही. वळताना अंग कलवायची सवय असते, आणि तीनचाकी कलत नाही. तिला फक्त हँडल कळतं. त्या पुन्हा बसल्या, पुन्हा झुडपात. तिसऱ्यांदा श्वेता ओरडली, "ताई, जमिनीकडे पाहू नका. ती कुठे जात नाही."

इंदूताईंनी तिच्याकडे असं पाहिलं की वॉर्डातल्या ज्युनियर नर्सेसचं काय होत असेल ते आम्हांला कळलं. पण मग नजर समोर गेली आणि हँडलही सरळ झालं. दुपारपर्यंत त्या पार्काला फेऱ्या मारत होत्या. शेवटच्या फेरीला बास्केटमध्ये संत्र्यांची पिशवी होती. कुठून घेतली ते आम्ही विचारलं नाही.

त्या तीनचाकीवर आमच्या दोन सहली झाल्या. पूल आला की त्या पूर्वीसारख्याच, चालणाऱ्याच्या मागे, हव्या तितक्या हळू. "गादीवर बसल्यासारखं आहे," असं एकदा बोलून गेल्या. त्यापेक्षा जास्त कौतुक त्यांनी कशाचंच केलेलं मला आठवत नाही.

दुसरी सहल डेव्हनची. तीच शेवटची ठरली. त्यानंतरच्या थंडीत त्या त्यांच्याच जुन्या हॉस्पिटलात, आठवडाभराच्या न्यूमोनियाने गेल्या. सायकल माझ्याकडे आणून ठेवताना प्रज्ञा सांगत होती की शेवटपर्यंत ड्रिपचा वेग त्या स्वतःच तपासत होत्या. पण मला त्या हॉस्पिटलातल्या आठवत नाहीत.

डेव्हनमध्ये तिसऱ्या दिवशी, शेवटचं स्टेशन अगदी जवळ आलेलं असताना, रस्त्यावर फाटक लागलं. मोटरसायकली आत येऊ नयेत म्हणून दोन लोखंडी कठडे समोरासमोर, मधून नागमोडी वाट. माणूस जातो, साधी सायकल वाकडी करून जाते. तीनचाकी जात नाही. मी मागे-पुढे करून पाहिलं, श्वेताने तिरकी करून पाहिली. मागचं चाक दर वेळी अडकलं. कठड्यावर तीच निळी पाटी होती.

बाजूला गुडघ्याएवढं लाकडी कुंपण होतं. सायकल त्यावरून पलीकडे नेता आली असती, रिकामी. सगळ्यांनाच ते दिसत होतं.

इंदूताईंचे हात हँडलवर होते. त्या पाटीकडे पाहत नव्हत्या. रस्त्याच्या वळणाकडे पाहत होत्या, जिथून प्लॅटफॉर्म सुरू होणार होता.

"तुम्ही जा पुढं," त्या म्हणाल्या. "चहा घ्या. मी इथून वळते."

मी कुंपण पाहिलं, सायकल पाहिली, आमच्या चौघींचे हात मोजले. "ताई, ब्रेक धरून बसा. हलू नका."

"काय करून राहिलीस?"

"उचलतोय तुम्हांला."

"वेडी आहेस का?" असं म्हणून त्यांनी ब्रेक दाबला. मग त्यांचा आवाज एकदम वॉर्डातला झाला. "अशी नाही धरायची. शोभा, कंबर वाकवू नको, गुडघे वाकव. लता, सीटखाली हात. पाठ सरळ. सगळ्यांनी एकदम, मी तीन म्हटल्यावर. आधी नाही."

तेवढ्यात मागून एक जोडपं कुत्रा घेऊन आलं. पुरुषाने काळजीने विचारलं, बाई बऱ्या आहेत ना?

"मस्त आहेत," श्वेता त्याला इंग्रजीत म्हणाली. "फक्त उतरणार नाहीत."

त्याने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा इंदूताईंकडे. मग कुत्र्याची दोरी बायकोच्या हातात दिली आणि मागच्या चाकापाशी येऊन गुडघे वाकवले.

"वन," इंदूताई म्हणाल्या. "टू. पाठ सरळ, जेंटलमन. थ्री."

त्या वर गेल्या. दोन्ही हात हँडलवर, हेल्मेटचा पट्टा नीट बांधलेला, नजर समोर. कुंपणावरून जाताना बास्केटमधलं एक संत्रं घरंगळलं आणि कुत्र्याने ते पकडलं. पलीकडे चाकं टेकली. त्यांनी त्या माणसाला "लव्हली मॉर्निंग" म्हटलं, घंटी वाजवली आणि आमची वाट न पाहता निघून गेल्या. त्या वळणाआड होईपर्यंत आम्ही चौघी पाठ चोळत उभ्या होतो. मग आमच्या सायकली कठड्यांमधून वाकड्या करून काढल्या.

आम्ही पोचलो तेव्हा तीनचाकी गवतात लावलेली होती आणि इंदूताई स्वतःच उतरून, उतारावरून चढून, प्लॅटफॉर्मच्या काठावर पाय खाली सोडून बसल्या होत्या. शेजारी पाच कप ओळीने मांडलेले, चहा ओतलेला.

"किती उशीर," त्या म्हणाल्या. "निवला ना चहा."